पाठीमागं लागलेला फ्लॅट

आमच्या बेळगावच्या वडगावातून पुण्याला काही खायचं पाठवायचं असेल, तर त्याची एक ठरलेली रीत आहे. संध्याकाळी सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीवर डबा न्यायचा, मुलाचा नंबर त्यावर चिकटवायचा, ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, आणि पहाटे मुलानं हायवेला उभं राहून तो उतरवून घ्यायचा. पोस्ट नको, कुरिअर नको. माझा मुलगा पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर आहे. बायको-मुलगी घेऊन बरीच वर्षं तिकडंच आहे, आणि इतकी वर्षं माझ्या ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि बेळगावचा कुंदा ह्याच रीतीनं त्याच्यापर्यंत पोचतो आहे. "आई, इथं सगळं मिळतं गं," असं तो दर वेळी म्हणतो. मिळू दे की! मी कुठं म्हणते मिळत नाही?

डब्याचं हे आधी सांगायचं कारण असं, की पुढं जो गोंधळ झाला, ज्यापायी आपलं राहतं घर आता आपल्या हातातून जाणार म्हणून मी कित्येक दिवस मनात झुरत होते, त्याचं मूळ ह्या डब्यात आहे.

झालं असं, की मुलानं भाड्याचं घर बदललं आणि तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या नव्या सोसायटीत राहायला गेला. आता डबा उतरवायचा कुठं? त्याला विचारलं तर त्यानं सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग, डावीकडचा पेट्रोल पंप असलं काय काय सांगितलं. मी मराठी शाळेतली निवृत्त मास्तरीण. चौथीच्या पोरांना नकाशे शिकवण्यात माझा जन्म गेला. म्हटलं, तू राहू दे रं बाबा, माझं मी बघते. फोनवर टाइप करायला माझी बोटं ऐकत नाहीत, म्हणून मी बोलून शोधते. चष्मा लावला आणि सोसायटीचं नाव वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात उच्चारलं. नकाशा आला, आणि त्याच्याखाली बिल्डरचं पान आलं. सोसायटीच्या मागच्या अंगाला आणखी इमारती उठत होत्या, त्यातले फ्लॅट विकायला होते. त्या पानावर जवळचा बसस्टॉप दिलेला होता. तेवढा बघितला, ड्रायव्हरला सांगितला, डबा पोचला. माझ्यापुरता विषय संपला.

फ्लॅटचा मात्र संपला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी कैरीच्या पन्ह्यात गूळ किती घालतात ते बघत होते. तसं मला येतं, पण दुसऱ्या बायका किती घालतात ते बघायला बरं वाटतं. तर गुळाच्या आणि वेलदोड्याच्या मधोमध तो फ्लॅट उभा. गॅलरीत पांढऱ्या केसांचं एक जोडपं चहा पीत हसत बसलेलं. इतकं हसण्यासारखं त्या चहात काय होतं कोण जाणे! मी तो बाजूला सारला. मग एकादशी कधी आहे बघायला पंचांग उघडलं, तर तिथंही तेच दोघं, तोच चहा. हवामान बघितलं, तिथं तेच. मला कन्नडही येतं, रोज सकाळी एका कन्नड बातम्यांच्या पानावर मी नजर टाकते, तर तिथं त्या बिल्डरनं आपली भाषा बदलली होती. 'निम्म कनसिन मने', म्हणजे तुमच्या स्वप्नातलं घर. मला हसूच आलं. आमच्याकडं कुठली पाटी कुठल्या भाषेत लावायची ह्यावरून माणसं डोकी फोडून घेतात, आणि ह्या बाबानं दोन्ही भाषांत फ्लॅट विकायला काढला होता.

सुरुवातीला मला गंमत वाटली, हे खरं. एकदा तर मी होऊन त्या चित्रावर बोट ठेवलं. बघायला काय जातंय? स्वयंपाकघर बघितलं. ओटा बरा होता, पण भांडी घासायला मोरी म्हणून नाही. बाईमाणसाला विचारल्याशिवाय घरं बांधतात हे लोक, असं मनात म्हटलं आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसले.

आता आमच्या ह्यांच्याविषयी थोडं सांगायला पाहिजे. आमचे हे वीज खात्यात होते. बोलण्याच्या बाबतीत म्हणाल तर नोकरीत असतानाच निवृत्त झाले होते. माणूस सोन्यासारखा, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जणू खात्यातून मंजुरी आणायला पाहिजे. आणि त्यांचं एकट्याचं तरी काय सांगू, आमच्या घराचं वळणच तसं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, ह्या घरात 'तुला काय पाहिजे' असं कुणी कुणाला विचारत नाही, आणि 'मला हे पाहिजे' असं कुणी म्हणत नाही. ओळखायचं असतं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली की चहा ठेवायचा. मी देवापुढची फुलं कालचीच ठेवली तर त्यांनी समजायचं की हिचं काहीतरी बिनसलंय. असा आमचा संसार चालला, आणि चांगला चालला. तक्रार नाही माझी.

एक दिवस मी गच्चीवरून वाळवण काढून खाली आले. हे कट्ट्यावर बसून फोन बघत होते. क्रिकेटची बातमी वाचत असतील म्हणून मी सहज मागून डोकावले, तर स्क्रीनवर फ्लॅट! तोच तो. आणि हे नुसते बघत नव्हते, बोटानं ढकलून एकेक खोली बघत होते.

"काय बघालाय हो?" मी विचारलं.

ह्यांनी फोन झटकन उलटा करून मांडीवर ठेवला. "काय न्हाई. असंच."

अहो, चाळीस-एक वर्षांत ह्या माणसानं माझ्यापासून काही लपवलेलं मला आठवत नाही. लपवायला आधी काही असायला तरी पाहिजे ना! आणि आता फोन उलटा?

मग एकेक गोष्ट मला जुळायला लागली. ज्या मित्राबरोबर हे रोज सकाळी फिरायला जायचे, तो सहा महिन्यांपूर्वी मुलीकडं हुबळीला राहायला गेला. तेव्हापासून हे एकटेच जातात आणि लवकर परत येतात. नातीचा व्हिडिओ कॉल आला की ह्यांचा चेहरा असा फुलतो की बघत राहावं. त्यांना पुण्याला जायचंय, मी ठरवून टाकलं. त्यांचं तिकडं मन ओढ घेतंय, आणि त्यांना ते मला सांगवत नाही.

मला तर इथून हलायचं नव्हतं. स्पष्ट सांगते, अजिबात नव्हतं. आमचं घर काही मोठं नाही. खाली दोन खोल्या, वर एक, मागं कढीपत्त्याचं झाड. पण विटेवर वीट चढताना आम्ही दोघांनी उभं राहून बघितलेलं आहे. दोन्ही बाजूला शेजाऱ्यांचे साड्या विणायचे माग आहेत. दिवसभर खटखट चालू असते. पाहुणे येतात ते कानात बोटं घालतात, आणि मला सणाच्या सुट्टीला माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं होतं. शेजारची आक्का भिंतीवरून हाक मारते, "बाई, कोथिंबीर हाय काय गं?" आणि मी न बघता भिंतीवरून हात वर करून देते. पुण्यात सातव्या मजल्यावर मी कुणाला कोथिंबीर देणार?

पण ह्यांनी आजवर माझ्याकडं काय मागितलं होतं? काहीच नाही. आणि आता म्हातारपणी एक गोष्ट मनात धरली, तर मी आडवी यावी काय? मी मनाची तयारी करायला लागले. त्यांनी एक दिवस सांगितलं तर मला धक्का बसायला नको, म्हणून तो फ्लॅट दिसला की मीच उघडून बघायला लागले. पूर्वेची खिडकी कुठली, देव्हारा कुठं बसेल, कुंडीत कढीपत्ता जगेल काय. आणि बघावा तसा तो आणखी दिसायला लागला. आधी दिवसातून एखाद्या वेळी दिसायचा, मग पान उघडायची खोटी की हजर. शिवाय आता त्याला आमचं वयही कळलं होतं. 'ज्येष्ठांसाठी खास', 'इमारतीतच डॉक्टर', 'बाथरूममध्ये धरायला दांडी'. मेल्यांनो, माझे गुडघे दुखतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?

जेवताना मी एकदा मुद्दाम विषय काढला. आमच्या रीतीप्रमाणं, आडून. "पुण्यात बरं असतंय म्हणे म्हाताऱ्या माणसांना. दवाखाने जवळ."

हे आमटी भुरकत थांबले. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "हं."

त्या 'हं'मध्ये मला केवढा आनंद ऐकू आला म्हणून सांगू! मी उठून उगीच मीठ आणायला गेले.

आणि मग ती दुसरी जाहिरात आली. मी शाळेतल्या जुन्या बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलेलं ओव्यांचं पान वाचत होते. ओव्या कसल्या, जात्यावर बसलेल्या लेकीनं माहेरच्या दाराची आठवण काढलेली. मी आधीच हळवी झालेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'बेळगावातलं जुनं घर विकायचंय? आजच भाव जाणून घ्या.'

फ्लॅट माझ्या पाठीमागं लागला होता इथवर ठीक होतं. पण हे तर माझ्याच घराच्या पाठीमागं लागलं होतं. मी फोन गव्हाच्या डब्यावर आपटला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. रडले, दुसरं काय करणार.

त्याच आठवड्यात निपाणीला भावाच्या मुलीकडं जायचं होतं. तिचा चटणीचा धंदा आहे. कांदा-लसणाची चटणी करते आणि फोनवरनं गावोगाव विकते. उन्हाळ्यात मिरच्या आल्या की ती मला हक्कानं बोलावून घेते, "आत्या, तू आल्याशिवाय मसाल्याचा अंदाज येत न्हाई." मला तेवढंच पाहिजे असतं. गेले. बस निपाणीच्या जवळ आली तसा नेहमीसारखा फोन गोंधळला. माणूस कर्नाटकात बसलेला, आणि ह्याला मेसेज महाराष्ट्रात स्वागत असल्याचा. पाठोपाठ फ्लॅट आला. मी फोन पिशवीत कोंबला.

भाचीच्या गच्चीवर मिरच्यांचं लालभडक वाळवण पसरलं होतं. आम्ही दोघी देठ काढत बसलो. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "काय झालंय गं आत्या? मिरची तुझ्या हातात हाय आणि पाणी डोळ्यात, पण हे मिरचीचं न्हवं."

सगळं सांगितलं तिला. ती आधी गंभीर होऊन ऐकत होती. मग फ्लॅट पंचांगात आला हे सांगितलं तशी तिला हसू आवरेना.

"हसतीस काय गं? माझं घर चाललंय आणि तू दात काढालीस!"

"आत्या, अगं, मी पण हेच करते की!" ती म्हणाली. "माझ्या चटणीचं पान कुणी बघितलं आणि न घेता गेलं, की माझी जाहिरात त्याच्या पाठीमागं जाती. मी पैसे भरते त्याला. असं समज, तू खडेबाजारात एका दुकानात साडी बघितलीस आणि न घेता बाहेर पडलीस. दुकानदारानं तुझ्या पाठीवर तुझ्या नकळत खडूनं एक खूण केली. आता तू भाजी आणायला गेलीस, बँकेत गेलीस, देवळात गेलीस, तिथं तिथं ती खूण बघून त्याचा माणूस तीच साडी घेऊन पुढ्यात उभा. फोनमध्ये असल्या खुणा सगळे करतात. एकाला माहीत झालं की दहा जणांना माहीत."

"मग ह्यांच्या फोनवर कसा आला तो फ्लॅट? ह्यांच्या पाठीवर कुणी खूण केली?"

भाचीनं मिरची खाली ठेवली. "तुमचे दोघांचे मेल वेगळे हायत न्हवं?"

"वेगळे कशाला? एकच हाय. पोरानं पुण्याला जाताना करून दिला होता, दोघांच्या फोनात तोच हाय."

"दोन माणसांना एक मेल?"

"का? एका घरात गॅसचं कनेक्शन एक, रेशनकार्ड एक. मग मेल कशाला दोन पाहिजेत?"

तिनं कपाळावर हात मारला. मिरचीचा हात, त्यामुळं पुढचा काही वेळ तिचं तोंड धुण्यात गेला. परत येऊन ती म्हणाली, "आत्या, त्या यंत्राला तुम्ही दोघं एकच माणूस वाटता गं. तू जे बघशील ते मामांच्या फोनवर उगवणार, आणि मामा बघतील ते तुझ्या." आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. "आता सांग, फ्लॅट पहिल्यांदा कुणी बघितला?"

बसस्टॉप आठवला. "मीच की गं."

"बघ! मामांना तो तुझ्यामुळं दिसला. त्यांनी कुठं शोधला होता?"

छातीवरचा दगड हलला असं वाटलं. पण तेवढ्यात दुसरी गोष्ट आठवली. "आणि ते घर विकायचं? ते मी कधी बघितलेलं न्हाई. स्वप्नातसुद्धा न्हाई."

भाची हळूच म्हणाली, "आपल्या मनानं ते यंत्र इतकं पुढं जात न्हाई, आत्या. कुणीतरी विचारलेलं असतंय. तू न्हाईस म्हटल्यावर..."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. घरात आम्ही दोघंच.

"आत्या, विचार की गं त्यांना सरळ," ती म्हणाली. "माझं गिऱ्हाईक काय बघतंय ते मला यंत्राकडनं कळतंय, ते ठीक हाय. नवऱ्याच्या मनातलं पण तू यंत्राकडनंच कळून घेणार काय?"

चांगली फटकळ आहे आमची पोरगी. घराण्यावर गेली आहे. मला राग आला, पण पोरगी चुकीचं काही बोलली नव्हती. रात्री मुक्कामाला राहायचं होतं, ते सोडून मी दुपारचीच बस धरली. येताना सगळी वाट एकच वाक्य जुळवत होते. 'तुम्हाला घर विकायचं असेल तर' इथपर्यंत यायचं आणि पुढं जीभ अडायची.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. हे मागच्या दारी सायकलच्या चेनला तेल देत बसले होते. मला बघून म्हणाले, "लवकर आलीस?"

मी पिशवी खाली ठेवली नाही, पायसुद्धा धुतले नाहीत. म्हटलं, आता बसले की राहिलं.

"तुम्हाला हे घर विकायचंय काय?"

ह्यांच्या हातातली तेलाची बाटली कलंडली.

"तुम्हाला पुण्याला जायचं असलं तर मी येते," मी एका दमात म्हणून टाकलं. "न्हाई म्हणणार न्हाई. पण मला इथनं जायचं न्हाई. लई जीव लागलाय माझा इथं. एकदा तुम्हाला हे सांगायचं होतं, मग तुम्ही म्हणाल तसं."

हे उठले, हात पुसायला फडकं शोधलं, ते मिळेना, तर लुंगीलाच हात पुसले. एरवी मी ह्यावर बोलले असते.

"मला?" ते म्हणाले. "मला कशाला पुणं? तिकडं मी काय करू?"

"मग फ्लॅट का बघत होता?"

"तू बघालीस म्हणून!" ह्यांचा आवाज इतका चढला की शेजारची आक्का भिंतीवरून डोकावून गेली. "तुझ्या फोनवर रोज तेच असायचं. मी दोनदा बघितलं. त्यात माझ्या फोनवर पण तेच यायला लागलं. मला वाटलं, पोरगाच तुझ्या सांगण्यावरनं मला पाठवालाय. त्या दिवशी जेवताना म्हणालीस, पुण्यात बरं असतंय. मला वाटलं, हिला नातीजवळ जावं वाटालंय आणि माझ्यासाठी ही इथं अडकून पडल्या."

"म्हणून घर विकायला निघालात?"

"विकायला न्हवं गं. भाव बघितला फक्त. हे विकल्याशिवाय तिकडं कुठनं जमणार? म्हटलं, आधी बघून ठेवावं, तू बोललीस म्हणजे तयारी असावी." मग खाली बघत म्हणाले, "एकदा बघितलं, आणि मग दोन दिवस जेवण गेलं न्हाई मला."

मला ते दोन दिवस आठवले. मी समजले होते की ह्यांना पित्त झालंय. सोलकढी करून दिली होती.

तिथंच, मागच्या दारी, सायकलला टेकून मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. हे गोंधळून माझ्या पाठीवर तेलाचा हात फिरवत राहिले, आणि माझी नवी साडी खराब झाली. त्याचं मला काही वाटलं नाही. उलट इतकी सुखात मी फार दिवसांत नव्हते. ह्या माणसाला माझ्याइतकंच इथून हलायचं नव्हतं, आणि तरी माझ्यासाठी तो घर सोडायला निघाला होता. जन्मभर ज्याच्याकडून एक धड वाक्य ऐकलं नाही, त्यानं केवढं बोलून दाखवलं होतं!

चहा ठेवला. म्हटलं, आता पोराला फोन करू या, ही गंमत सांगू या आणि दोन वेगळे मेल करून घेऊ या. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. मी सगळं रंगवून सांगितलं. डबा, बसस्टॉप, पंचांगातला फ्लॅट, भाचीच्या डोळ्यात गेलेली मिरची, ह्यांनी, म्हणजे त्याच्या आप्पांनी, बघितलेला भाव. माझं मलाच हसू येत होतं. हेही मधेमधे 'व्हय की' म्हणत होते, म्हणजे रंगातच आले होते.

पलीकडं पोरगा हसला नाही.

"ऐकालास न्हवं रं?" मी विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. मग म्हणाला, "आई, तो मेल माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण उघडाच आहे. केला तेव्हापासून. मुलगी त्यावर अभ्यास करते."

मला लगेच कळलं नाही. ह्यांना कळलं असावं, कारण त्यांनी कप खाली ठेवला.

"गेले कित्येक दिवस इथं पण तेच येतंय," पोरगा म्हणाला. "आमच्याच सोसायटीतले फ्लॅट. ज्येष्ठांसाठी. मग बेळगावचं घर विकायचं आलं. मी कारखान्यात काम करणारा माणूस, मला हे जाहिरातींचं कुठं कळतंय, वाटलं तुम्ही दोघं बघताय. मुद्दाम सांगत नाही, एकदम सांगणार. मी काही विचारलं नाही, म्हटलं तुमचं तुम्ही ठरवून सांगाल." मग म्हणाला, "मागची खोली रिकामी केली मी. फ्लॅट मिळेपर्यंत इथंच राहाल म्हणून. मुलीनं तिचं टेबल हॉलमध्ये आणलं. तिनं शाळेत सांगून पण टाकलंय, आजी-आजोबा येणार म्हणून."

आम्ही दोघं इतके दिवस त्या फ्लॅटला घाबरत होतो, आणि त्यात कुणाचा तरी जीव अडकला होता. तोही आमच्याच पोराचा. दर वेळी "इथं सगळं मिळतं गं" म्हणणाऱ्या माझ्या मुलानं एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं की तुम्ही या. म्हणेल तरी कसा? ह्याच घरात वाढलेला.

"असू दे," तो घाईनं म्हणाला. "खोलीचं काय, परत लावू. मी तुम्हाला दोन मेल करून देतो, थांबा. आधी फोनच्या सेटिंगमध्ये..."

ह्यांनी ओट्यावरचा फोन उचलला. स्पीकर बंद करायचा त्यांना येत नाही, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. फोन अगदी तोंडाजवळ धरून ते म्हणाले, "मेल राहू दे बाजूला. अरे, तुझ्याकडं राहायला यायला आम्हाला फ्लॅट कशाला पाहिजे रं? आणि हे घर विकायला कशाला पाहिजे? कुलूप लावलं की निघालो. दोन महिने राहतो, तीन महिने राहतो. तू फक्त एकदा या म्हण की."

फोन कट झाला की काय म्हणून ह्यांनी तो तोंडापासून लांब धरून बघितला.

"या," पोरगा म्हणाला. "आप्पा, या. आईला घेऊन या."